नणंद साहेब झाली तेव्हा

आमच्या विद्यापीठाच्या संगणक विभागात सगळे त्यांना वहिनी म्हणायचे. कुलसचिवांपासून जिने पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळे. हे नाव त्यांना त्यांच्या नणंदेमुळे पडलं, आणि त्याच नणंदेपायी पुढे दोन वर्षं त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

मी त्या विभागात कार्यालयाचं काम बघायचो. रजेचे अर्ज, बढतीचे कागद, मीटिंगची टिपणं, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. वहिनींची जागा माझ्यासमोर, काचेच्या पलीकडे. त्यामुळे घडलं त्यातलं निम्मं मी पाहिलं. उरलेलं निम्मं वहिनींनीच मला नंतर सांगितलं, स्वतःची जराही बाजू न घेता.

वहिनी संचालन बघायच्या. म्हणजे विद्यापीठात जे जे संगणकावर चालतं ते चालू ठेवायचं. ग्रंथालयाच्या तळघरात सर्व्हरची खोली होती. तिथे एवढी थंडी की दाराबाहेरच्या खिळ्याला त्यांचा स्वेटर कायमचा टांगलेला. आत गेल्या की आधी नुसत्या उभ्या राहून ऐकायच्या. एकदा वीजवाल्याला म्हणाल्या, "तिसऱ्या पंख्याचा आवाज बदललाय, बघून घ्या." तो हसला. दोन दिवसांनी तिसरा पंखा बंद पडला. तेव्हापासून तो त्यांना बघितलं की जिन्यात बाजूला होऊन उभा राहायचा. निकालाच्या दिवशी चाळीस हजार मुलं एकाच वेळी संकेतस्थळावर तुटून पडायची. अशा वेळी वहिनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून पडद्याकडे बघत बसायच्या, आणि त्या तशा बसल्या आहेत एवढ्यावर बाकीचे निर्धास्त असायचे. चोवीस वर्षं हे असं चाललं होतं.

नणंद त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. घरात तिला धाकटी म्हणत. चौदा वर्षांपूर्वी तिची नोकरी सुटली, तेव्हा वहिनींनीच शब्द टाकून तिला हेल्पडेस्कवर चिकटवली. काम काय, तर फोन घ्यायचे आणि प्राध्यापकांचे विसरलेले पासवर्ड नवे करून द्यायचे. पहिल्याच दिवशी फोनवर काही अडलं आणि धाकटी भरल्या हॉलमध्ये ओरडली, "वहिनीऽऽ, हे काय म्हणतायत बघ ना!" झालं. दुसऱ्या दिवसापासून त्या सगळ्या विभागाच्या वहिनी झाल्या.

वहिनींनी तिला मनापासून शिकवलं. समोरचा चिडलाय म्हणजे तो घाबरलाय, हे त्यांनीच सांगितलं. तक्रार नोंदवताना आपला अंदाज लिहायचा नाही, त्याने जे सांगितलं ते लिहायचं, हेही त्यांचंच. जेवणाच्या सुट्टीत दोघी एकाच डब्यात जेवायच्या. धाकटी हुशार निघाली. वहिनींना त्याचं कौतुक होतं, कारण ती हुशार असली तरी खालच्या पायरीवर होती.

मग नवे संचालक आले. किडकिडीत, हळू बोलणारे गृहस्थ. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "पंधरा-वीस वर्षं काम केलेल्या माणसाला आपण अजून काम देतो, पुढची वाट काही देत नाही." त्यांनी सेवा आणि संचालनातल्या वरिष्ठ लोकांसाठी एक योजना आणली. दोन वाटा ठेवल्या. एक माणसं सांभाळणाऱ्यांची, वर प्रमुखपदापर्यंत जाणारी. दुसरी तज्ज्ञांची, जिच्यात हाताखाली माणसं नसली तरी दर्जा तोच. प्रत्येकाने एक फॉर्म भरायचा आणि आपल्या वरिष्ठांशी बसून पुढच्या तीन वर्षांचं ठरवायचं.

फॉर्म माझ्याकडे जमा झाले. "पुढच्या तीन वर्षांत तुम्हाला काय शिकायचं आहे?" या प्रश्नाखाली वहिनींनी लिहिलं होतं, "शिकवायला कोणी असेल तर बघू." मला हसू आलं होतं. धाकटीचा फॉर्म नऊ पानांचा. तिने प्रवेश विभागात सहा महिने जाऊन काम करायची परवानगी मागितली होती, तिथे संगणकाविना लोकांचं कुठे अडतं ते बघायला. मिळाली. परत आली ती वेगळीच होऊन. आधी ती प्रश्न आला की उत्तर द्यायची, आता प्रश्न आला की समोरच्याला बसवून घ्यायची.

वर्षभराने सेवा आणि संचालन विभागाचे प्रमुख निवृत्त झाले आणि जागा निघाली.

त्या रविवारी धाकटी घरी आली होती. दोघी गच्चीवर चादरींच्या घड्या घालत होत्या. धाकटी म्हणाली, "वहिनी, तू अर्ज करणार आहेस ना? तू करणार असशील तर मी करत नाही."

वहिनींच्या हातातलं चादरीचं टोक तसंच राहिलं. धाकटी अर्ज करू शकते हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपल्याला बोलावून घेतील. अर्ज वगैरे बाहेरच्यांसाठी.

"छे गं," त्या म्हणाल्या. "मला कशाला हव्यात त्या मीटिंगा? तू कर. तुला शोभेल."

"नक्की?"

"अगं कर म्हणते ना."

"'तुला शोभेल' म्हणताना माझ्याच तोंडाला कडू चव आली हो," वहिनी मला नंतर म्हणाल्या. मुदतीच्या शेवटच्या दिवशी पाचला दहा मिनिटं कमी असताना त्यांनी माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "हे कुणाला बोलायचं नाही." घरी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

मुलाखती तिसऱ्या मजल्यावर, सभागृहाच्या शेजारच्या खोलीत होत्या. वेळा मीच लावल्या होत्या. दोघी समोरासमोर येऊ नयेत म्हणून मी मध्ये पाऊण तास ठेवला होता, पण धाकटीची मुलाखत लांबली. ती दार उघडून बाहेर आली आणि समोर बाकावर वहिनी. इस्त्रीचे कपडे, केस घट्ट बांधलेले, मांडीवर निळी फाइल.

"वहिनी?"

"इथे... जरा एका सहीचं काम होतं," वहिनी म्हणाल्या.

धाकटीने फाइलकडे पाहिलं, मग वहिनींच्या बुटांकडे. बूट नवे होते. "आतला पंखा जोरात आहे," ती म्हणाली. "कागद धरून ठेव." आणि जिना उतरून गेली.

आत वहिनींना कामाचं जे जे विचारलं ते ते त्यांनी न अडखळता सांगितलं. शेवटी संचालकांनी विचारलं, "तुम्ही महिनाभर रजेवर गेलात तर इथे काय होईल?"

वहिनी ताठ बसल्या. "चालायचंच नाही," त्या म्हणाल्या.

समितीतल्या एका बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. वहिनींना वाटलं, आपल्या बाजूने लिहिलं.

जागा धाकटीला मिळाली. यादी लागायच्या आधी संचालकांनी वहिनींना बोलावून घेतलं. म्हणाले, "तुम्हाला जे येतं ते इथे दुसऱ्या कुणालाच येत नाही. आमची अडचण तीच आहे." वहिनींनी पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं कानाबाहेर गेलं. त्या बाहेर आल्या त्या हेच धरून, की आपल्याला सगळ्यांत जास्त येतं हे मान्य करूनही यांनी आपल्याला डावललं.

वहिनींचा नवरा शाळेत भूमिती शिकवायचा. साधा, सरळ माणूस. बहिणीला मोठी जागा मिळाली म्हणून तो हरखून गेला होता. संध्याकाळी येताना तिच्यासाठी चांगल्यातलं पेन घेऊन आला, आणि डबी उघडून बायकोला दाखवू लागला.

"चोवीस वर्षांत माझ्यासाठी कधी पेन आणलं नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"तू कधी म्हणालीस का?"

"ती म्हणाली होती?"

मग वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "मीपण अर्ज केला होता."

नवऱ्याने डबी मिटली. "मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय करणार होतात? कोणासाठी देव पाण्यात ठेवणार होतात, माझ्यासाठी की तिच्यासाठी?"

धाकटीने बाकावरची ती भेट भावाला सांगितली नव्हती, हेही वहिनींना त्याच वेळी कळलं. आणि त्याने त्यांना बरं वाटायच्या ऐवजी आणखी झोंबलं.

पुढचे सात-आठ महिने वहिनींना धाकटीचं सगळंच डोळ्यांत खुपायला लागलं. धाकटीला वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली मिळाली, झाडांकडे उघडणारी खिडकी असलेली. वहिनी ग्रंथालयात जायला मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायच्या, त्या खिडकीखालून, आणि दिवा चालू आहे का बघायच्या. चालू असला तर म्हणायच्या, किती देखावा कामाचा. बंद असला तर म्हणायच्या, बघा, गेली घरी. धाकटीच्या पत्रात एखादं अक्षर चुकलं तर ते मला दाखवायला यायच्या. तिचं हसणं मोठं झालंय असं त्यांना वाटायचं. मी वर्षानुवर्षं ऐकत होतो, तेवढंच होतं ते.

आणि मीटिंगमध्ये त्यांनी तिला "वन्सं" म्हणायला सुरुवात केली. जुन्या काळी सुना नणंदेला म्हणायच्या तसं. "बरं का वन्सं, ते बॅकअपचं झालंय." "वन्सं म्हणतील तसं करू." पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा थोडे हसले. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही, सगळे आपापल्या वह्यांत बघायला लागले.

मीटिंग संपल्यावर धाकटी थांबली. "वहिनी, घरी काहीही म्हण. इथे नको ना."

"मग काय म्हणू? साहेब म्हणू?"

"माझं नाव आहे की."

"तुझं नाव घ्यायची सवय नाही मला," वहिनी म्हणाल्या आणि निघून आल्या.

सगळ्यांत वाईट म्हणजे धाकटी काम चांगलं करत होती. तिने पाळ्या अशा लावल्या की सलग दोन रविवार कुणालाच यावं लागू नये. चोवीस वर्षांत पहिल्यांदा वहिनींना महिन्यातले दोन रविवार पूर्ण मिळाले. "आणि त्या रविवारी मी घरात बसून जळत असायचे," वहिनी म्हणाल्या. "सुट्टीचासुद्धा राग यायचा, कारण सुट्टी तिने दिलेली."

मग निकालाची सगळी यंत्रणा जुन्या यंत्रांवरून नव्या यंत्रांवर हलवायचं ठरलं. धाकटीचं पहिलं मोठं काम. असा बदल करायच्या आधी एक बैठक होते, आणि कशाला काय काय जोडलेलं आहे त्याची यादी वाचली जाते. म्हणजे एक हलवलं म्हणून दुसरं पडत नाही. बुधवारी बैठक झाली, चौदा माणसं होती, टिपण मी घेत होतो. धाकटीने यादी वाचली. मग म्हणाली, "याला जोडलेलं आणखी काही आहे का, जे या यादीत नाही?"

होतं. परीक्षा विभागाच्या कोठीत, जुन्या खोक्यांच्या मागे, एक मळकट संगणक अकरा वर्षं चालू होता. मुलांना दुसरीकडे प्रवेशासाठी सगळ्या वर्षांची मिळून एक गुणपत्रिका लागते. ती हाताने करता करता परीक्षा विभागाच्या नाकी नऊ यायचे, म्हणून वहिनींनी तो संगणक तिथे बसवून दिला होता. तो रोज सकाळी निकालाच्या यंत्रातून गुण उचलायचा आणि गुणपत्रिका तयार करून ठेवायचा. कुठल्याही यादीत तो नव्हता, फक्त वहिनींच्या डोक्यात होता.

धाकटी वहिनींकडे बघत होती. वहिनी पेनचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. मी टिपणात लिहिलं, "अन्य काही नाही."

रविवारी बदल झाला, सुरळीत झाला. सोमवारी सकाळी नऊला परीक्षा विभागाची खिडकी उघडली आणि पहिली गुणपत्रिका छापून आली ती कोरी. नाव, क्रमांक, विषय, आणि गुणांच्या जागी काही नाही. दुसरी तशीच. तिसरी तशीच. त्यात दुसऱ्या एका मोठ्या विद्यापीठाच्या प्रवेशाचा तो शेवटचा दिवस, दुपारी बारापर्यंत कागद पोचवायचे. साडेनऊपर्यंत रांग खिडकीपासून जिन्यापर्यंत आली. सत्तर-एक मुलं. कोणाचे वडील आरडाओरडा करत होते. धाकटी मध्ये उभी राहून एकेकाशी बोलत होती, एका कानाला फोन, फोनवर अधिष्ठाता. तिची माणसं नव्या यंत्रांमध्ये दोष शोधत होती, आणि तिथे दोष नव्हताच.

वहिनी वरच्या जिन्याच्या कठड्याशी उभ्या होत्या. काय बिघडलंय ते त्यांना नऊ वाजून पाच मिनिटांनीच कळलं होतं.

"खरं सांगू?" त्या मला म्हणाल्या. "मला बरं वाटत होतं. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा पोटातली आग शांत झाली होती. म्हटलं, बघू दे सगळ्यांना, कोणाला बसवलंत खुर्चीवर."

तेवढ्यात एक मुलगी जिना चढून वर आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात कागद. वहिनींच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून म्हणाली, "तुम्ही इथेच काम करता का? बारापर्यंत होईल का हो? नाही झालं तर मी बाबांना सांगते, येऊ नका म्हणून. ते कागद पोचवायला कामावरून सुट्टी टाकून निघणार आहेत."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वीस झाले होते. म्हणजे दोष कळून सव्वा तास झाला होता.

वहिनी तशाच खाली गेल्या. कोठीची किल्ली घेतली, खोकी सरकवली, एका उपड्या खोक्यावर बसल्या आणि त्या मळकट संगणकाला नव्या यंत्राचा पत्ता दिला. अकरा मिनिटं लागली. पावणेअकराला पहिली गुणपत्रिका गुणांसह छापून आली. मग छपाई थांबलीच नाही.

परीक्षा विभागाच्या प्रमुखांनी सगळ्यांदेखत हात जोडले. "वहिनी, तुम्ही नसता तर आज आमची धडगत नव्हती!" चार जणांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी नुसत्या मान हलवत होत्या.

रांगेतली दोन मुलं कंटाळून आधीच निघून गेली होती. धाकटीने त्यांचे नंबर शोधून काढले. एक धावत परत आला. दुसऱ्याचा फोन बंद होता. त्याची मुदत गेली.

दुपारी धाकटी तळघरात उतरली. वहिनी स्वेटर घालून उभ्या होत्या.

"वहिनी, मी तुझ्याकडे बघूनच विचारलं होतं."

वहिनींनी स्वेटरची बटणं लावली.

"मी हेल्पडेस्कला होते तेव्हा तू एकदा मला त्या कोठीत नेलं होतंस. काहीतरी आहे तिथे एवढं आठवत होतं, काय ते आठवेना. म्हणून विचारलं."

"मग चारचौघांत कशाला विचारायचं? मला एकटीला विचारायचंस."

"एकटीला विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

यंत्रांचा आवाज चालू होता. धाकटीने थोडा वेळ वाट पाहिली आणि ती वर निघून गेली.

झाल्या प्रकाराचा अहवाल धाकटीने स्वतः लिहिला आणि टंकायला माझ्याकडे दिला. त्यात एक ओळ होती, "यादी पूर्ण आहे की नाही याची खात्री करून घेण्यात माझी चूक झाली." वहिनींचं नाव फक्त एका ठिकाणी, दोष त्यांनी दूर केला म्हणून. वहिनींनी तो माझ्या टेबलावर उभ्या उभ्या वाचला, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे चांगुलपणाही हिचाच का?" कागद माझ्यापुढे आपटून त्या म्हणाल्या.

गुरुवारी बैठक झाली. धाकटीने अहवाल वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या परिच्छेदाला वहिनी उभ्या राहिल्या.

"हे खरं नाही," त्या म्हणाल्या. "तिने विचारलं होतं. मला माहीत होतं. मी बोलले नाही. आणि सोमवारी सकाळीपण सव्वा तास बोलले नाही."

संचालकांनी चष्मा काढला. धाकटी कागदाकडेच बघत राहिली.

लोक नंतर म्हणाले, वहिनींचा प्रामाणिकपणा बघा. मी तसं त्यांना बोललो, तर त्या उसळल्या. "कसला प्रामाणिकपणा? तिने मला पाठीशी घातलं ते मला सहन होईना, म्हणून बोलले. त्या मुलाचं काय झालं असेल हे तर मला घरी जाताना बसमध्ये सुचलं. तोपर्यंत माझ्या डोक्यात तिच्याशिवाय कोणी नव्हतं."

वहिनींना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांच्या फाइलला मीच लावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलाचा पत्ता माझ्याकडून घेतला आणि त्या दुसऱ्या विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला फोन लावला. तिथल्या लोकांनी नाही म्हटलं. वहिनींनी पुन्हा लावला. संचालकांकडून, चूक आमची आहे, असं पत्र लिहून घेतलं, ते पाठवलं, आणि पोचलं का विचारायला पुन्हा लावला. सहा दिवस असं चाललं. शेवटी त्या मुलाला पुढच्या सत्रापासून घ्यायचं ठरलं. त्याचे चार महिने गेलेच. त्याने वहिनींचे आभार मानले तेव्हा त्यांनी त्याला सांगून टाकलं की हे माझ्यामुळेच झालं. तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला. तो "बरं" त्यांना कितीतरी दिवस ऐकू येत होता.

योजनेप्रमाणे दरवर्षी वरिष्ठांनी आपल्या माणसाशी बसून बोलायचं असतं. त्या वर्षी वहिनींना धाकटीच्या खोलीत जावं लागलं. मी फॉर्म द्यायला गेलो होतो, दार अर्धवट उघडं होतं.

"वहिनी, ताकदीचा विषय संपला," धाकटी म्हणाली, आणि स्वतःच अडखळली. "ताकीद, ताकीद. तर आता सांग, तुला काय हवंय?"

"तुझी खुर्ची."

"ती सध्या मला हवीय. दुसरं सांग."

धाकटीला हसू फुटलं. वहिनींना नाही फुटलं. पण त्या उठूनही गेल्या नाहीत. म्हणाल्या, "मला हाताखाली माणसं नकोत. मला माणसं सांभाळता येत नाहीत. मला यंत्रं कळतात. पण माझी किंमत त्यातच व्हायला हवी, तुझ्यापेक्षा एक पायरी खाली नाही."

"तर मग दुसरी वाट आहे," धाकटी म्हणाली. "मुख्य तज्ज्ञ. दर्जा माझ्याएवढाच. फक्त समितीची एक अट आहे. तुझ्या डोक्यात आहे ते कागदावर आलं पाहिजे, आणि निदान दोघांच्या हातात उतरलं पाहिजे."

"म्हणजे मी सगळं देऊन टाकायचं."

"हो."

चौदा महिने वहिनी लिहीत होत्या. सुरुवातीला एकेक पान त्यांच्याकडून काढणं म्हणजे दात काढण्यासारखं होतं. नेटवर्क बघणारा एक चाळिशीचा गृहस्थ आणि हेल्पडेस्कवरची एक बाई, दोघांना त्यांनी शिकवायला घेतलं. शिकवताना चिडायच्या, "हे दिसत नाही का?" म्हणायच्या. ती बाई शांतपणे म्हणायची, "नाही दिसत, दाखवा." मग दाखवावं लागायचं, आणि दाखवताना कधी कधी कळायचं की आपण वर्षानुवर्षं जे करतोय ते का करतोय हे आपल्यालाही ठाऊक नाही. अशा तीन गोष्टी सापडल्या. एक तर केवळ सवय म्हणून चालू होती. ती बंद केली तरी काही झालं नाही. त्या दिवशी वहिनी माझ्याकडे येऊन नुसत्या बसून राहिल्या.

पहिल्या वर्षी समितीने त्यांचा प्रस्ताव परत पाठवला. शेरा होता, "काम उत्तम. परंतु प्रत्येक पानावर 'मी' आहे. इतरांना काय करता येऊ लागलं ते लिहावं." वहिनींनी आठवडाभर समितीच्या नावाने बोटं मोडली. मग बसून दुसऱ्यांदा लिहिलं. दुसऱ्यांदा मंजूर झालं.

त्यांचं पत्र मीच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वरपासून वाचत आणलं, पदाच्या ओळीवर थांबल्या, ती पुन्हा वाचली. मग शेवटी सहीपाशी आल्या. सही धाकटीची होती.

"दुसऱ्या कोणाची सही चालली नसती का हो?"

"नियमाने विभागप्रमुखांचीच लागते."

"लागणारच," त्या म्हणाल्या. जरा वेळ पत्र हातात धरून उभ्या राहिल्या. मग झेरॉक्सच्या यंत्रापाशी गेल्या, माझ्या टेबलावरचा कोरा कागद उचलून त्याची पट्टी फाडली, पत्राच्या खालच्या बाजूला ठेवली आणि एक प्रत काढली. मूळ पत्र मला परत दिलं, फाइलला लावायला. प्रत पिशवीत घालून घरी नेली.

घरी नवऱ्याने ती कपाटाच्या दारावर चिकटवली. चष्मा लावून पुनःपुन्हा वाचली. "खाली सही नाही आली ती?" त्याने विचारलं.

"झेरॉक्स नीट आली नाही," वहिनी म्हणाल्या.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, गेलं का आता मनातून. त्या म्हणाल्या, "कुठलं जातंय? तिचं नाव कुणी कौतुकाने घेतलं की आत काहीतरी टोचतंच. फक्त आता मला कळतं की टोचलं, म्हणून मी तोंड उघडत नाही."

पुढच्या रविवारी धाकटी भावाकडे आली. कपाटाच्या दारापाशी उभी राहून तिने पत्र वाचलं. खालच्या कोऱ्या जागेकडे तिने जरा जास्तच वेळ पाहिलं. वहिनी पाठमोऱ्या उभ्या राहून कप विसळत होत्या, पण कान तिकडेच होते.

"ऑफिसचं झेरॉक्स मशीन बिघडलंय वाटतं," धाकटी म्हणाली.

"तक्रार नोंदव," वहिनी म्हणाल्या. "बघते मी."